दहापैकी दोन

माझ्या हातच्या ट्रिपल शेजवान राइसला आजवर एकाच माणसानं तोंडावर नावं ठेवली, आणि ते माणूस तेव्हा जेमतेम सोळा वर्षांचं होतं. नाव पूर्वा. दहिवलीच्या आमच्या चाळीत भिंतीला भिंत लागून राहायची. केसांची एक बट कायम तोंडात, कानात वायरीची बोंडं, आणि चेहऱ्यावर असा भाव की आपण चुकून या गावात उतरलोय, पुढची गाडी आली की निघणार. असल्या पोरीबद्दल लिहिण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, काही नाही. पण गेल्या महिन्यात ती माझ्याकडे जेवून गेली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी दिनू. दहिवलीच्या नाक्यावर माझी चायनीजची गाडी आहे, एकोणीस वर्षं झाली. हे काम मी खोपोलीत एका नेपाळ्याच्या हाताखाली शिकलो. तो कुणाकडे शिकला ते त्यालाच ठाऊक. गाडीच्या पत्र्यावर ड्रॅगन काढलाय. ज्या पेंटरनं काढला तो एरवी शाळांच्या भिंतींवर 'झाडे लावा' रंगवायचा, त्यामुळे ड्रॅगनची झाली घोरपड, आणि वर त्यानं तिला मिश्या दिल्या. गिऱ्हाइकाला काय त्याचं? शनिवार-रविवार फार्म हाऊसवर येणारे मुंबईकरसुद्धा माझ्याकडे गाडी थांबवतात. आमच्याकडे चायनीज म्हटलं की दिनू, यात कुणाला शंका नव्हती. तिकडे चीनमध्ये काही झालं, धरण बांधलं की रोग आला, तरी नाक्यावरचे लोक मलाच विचारायचे, काय दिनूदादा, तुमच्या लोकांनी काय चालवलंय? मलाही ते बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

तर ही पूर्वा. हिचा बाप विलास साजगावच्या एका कारखान्यात फिटर, आई वैशालीवहिनी घरीच. दोघं साधी, खाली मान घालून जगणारी माणसं. त्यांच्या पोटी हे नवल कसं आलं, देव जाणे. हिला आयुष्यात दोनच गोष्टी आवडायच्या, परदेशी खाणं आणि चिनी गाणी. आणि या दोन्ही गोष्टी हिनं फक्त बापाच्या जुन्या मोबाइलवर पाहिलेल्या. हिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे घरच्यांबरोबर जेजुरी आणि शाळेबरोबर रायगड किल्ला. पण बोलणं ऐकलंत तर वाटावं, पोरगी आत्ताच विमानातून उतरून हातपाय धुतेय.

तिच्याकडे एक दोनशे पानी वही होती. एका पानावर एक पदार्थ. वर देशाचं नाव, खाली त्यात काय काय घालतात ते, आणि सगळ्यात शेवटी लाल पेनानं दहापैकी मार्क. जपानच्या कसल्याशा सूपवाल्या शेवयांना नऊ. कोरियाच्या आंबवलेल्या कोबीला साडेआठ. आता बघा, माझ्या गाडीमागे रोज पोतंभर कोबी पडलेला असतो, त्यातला थोडा आंबतोही, त्याला कुणी मार्क दिल्याचं ऐकिवात नाही. इथिओपिया नावाच्या देशात म्हणे हातभर रुंद घावण करतात आणि त्यावरच भाज्या वाढतात, त्याला सात. पिझ्झ्याला चार, कारण काय, तर तो सगळ्यांनाच आवडतो. आणि चीनमध्ये टेबलाच्या मध्यभागी शेगडीवर लाल तिखट पाण्याचं भांडं उकळत ठेवतात, त्यात जो तो आपापलं मांस-भाजी बुडवून खातो, त्या हॉटपॉटला दहापैकी दहा. अख्ख्या वहीत दहा फक्त त्या एकाला होते.

यातलं काहीही तिनं चाखलेलं नव्हतं. एकही नाही! मी एकदा ओट्यावर बसून विचारलं, अगं शहाणे, जीभ न लावता मार्क कसे देतेस? तर मला म्हणाली, "काका, जो खात असतो ना, त्याचं तोंड बघायचं. पहिला घास नाय बघायचा, तिसरा बघायचा. पहिल्या घासाला सगळेच खोटं बोलतात."

मी खो खो हसलो आणि संध्याकाळी नाक्यावर सगळ्यांना ते सांगितलं. महिनाभर पुरला तो विनोद. कुणी वडापाव खाताना दिसला की आम्ही म्हणायचो, थांब रे, तिसरा घास दाखव.

गाण्यांचं तर विचारूच नका. तिचा एक लाडका गायक होता. पांढराफटक, एवढीशी जिवणी, कपाळावर केस असे आलेले की याला रस्ता ओलांडताना कोण हात धरत असेल याची काळजी वाटावी. त्याचा फोटो तिनं कपाटाच्या दारावर चिकटवला होता. आमची ही एकदा विरजण मागायला गेली आणि फोटो बघून म्हणाली, मुलगी गोड आहे हो, कुणाची? झालं. पूर्वा तीन दिवस आमच्या घराकडे तोंड फिरवून होती. हा गोड मुलगा गायचा काय, तर रडायचा. मी तिला दोन-तीन गाण्यांचा अर्थ विचारला. एकात मुलगी सोडून गेलेली, दुसऱ्यात मुलगी सोडून जाणार, तिसऱ्यात अजून भेटलीच नाही पण सोडून जाईल याची खात्री. दोन वेळचं पोटभर मिळणाऱ्या माणसाला एवढं रडू कुठून येतं, हे मला कळलेलं नाही.

पण पोरगी ती गाणी पाठ करायची. सकाळी नळावर हंडा भरताना मोठ्यानं म्हणायची. चिनी भाषेत म्हणे आवाज वर गेला, खाली आला, की शब्दच बदलतो, म्हणून ती म्हणताना एक बोट हवेत वर-खाली न्यायची, ट्रॅफिक हवालदारासारखं. पाण्याच्या रांगेतल्या पोरांनी तिचं नाव 'चीनची राणी' ठेवलं होतं. वहीच्या मागच्या पानांवर ती अक्षरं गिरवायची, कोळी कागदावरून चालून गेल्यावर उमटतील तशी. कुणी शिकवायला नाही, पुस्तक नाही, गाण्याखाली येतात ती अक्षरं बघून बघून शिकत होती. बारावी झाली की पुण्याला जाऊन चिनी भाषेचीच पदवी घेणार, असं तिनं कधीच जाहीर केलं होतं. आणि मग? मग चीनला जाऊन हॉटपॉट खाणार. तिसरा घास स्वतःचा घेणार. या एवढ्यासाठी पदवी! मी म्हटलं, धन्य आहे.

आता ते दोन मार्क. तिच्या सोळाव्या वाढदिवसाला विलासनं मला ट्रिपल राइसची ऑर्डर दिली. भात, त्यावर तळलेल्या नूडल्स, त्यावर ग्रेव्ही, वर गोल आमलेट. शेजारची पोरगी म्हणून मी हात राखला नाही. मोठी प्लेट भरून स्वतः घरी घेऊन गेलो. पाचसहा पाहुणे बसलेले. तिनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. मग उठली आणि वही घेऊन आली. सगळ्यांसमोर पानावर माझ्या पदार्थाचं नाव लिहिलं आणि खाली लाल पेनानं आकडा टाकला. दोन.

वैशालीवहिनी हादरल्या. विलास म्हणाला, अगं, काकांना काय वाटंल. मी हसत हसतच विचारलं, का गं बाई, दोन तरी कशाचे?

"एक भात मोकळा हाय म्हणून," ती शांतपणे म्हणाली. "एक तुमी प्लेटी स्वच्छ धुता म्हणून. पण काका, हे चायनीज नाय. चीनमध्ये हे कुणी वळखणार पण नाय."

पहिल्यांदाच तिनं जीभ लावून मार्क दिले, आणि ते मला! वयाची साठी झालेली माणसं माझ्याकडे बोटं चाटत गेलीत. आमदारांच्या पुतण्याच्या हळदीला माझं मंच्युरियन होतं. आणि ही, जिनं पनवेलच्या मॉलमध्ये सरकता जिना बघून आईचा पदर धरला होता, ती मला शिकवणार? मी घरी येऊन जेवलो नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तिला 'परीक्षक बाई' म्हणायला लागलो, आणि गिऱ्हाइकांना ती गोष्ट रंगवून सांगायला लागलो. लोक हसायचे. मीही हसायचो, पण तो आकडा पोटात कुठंतरी अडकून बसला होता.

तिला मात्र यात काही चुकलंय असं वाटलंच नाही. राग नाही, लाज नाही, माफी नाही. भेटली की आपली पूर्वीसारखी बोलायची. त्याच हिवाळ्यात आम्ही चाळीच्या मागच्या शेतात पोपटी लावली. पोपटी आमच्याकडे सगळेच करतात: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडीचे तुकडे, ओवा-मीठ घालून तोंड पाल्यानं बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. मडकं फुटेस्तोवर गप्पा. तिथं ही वही घेऊन हजर. म्हणाली, चीनमध्येपण कोंबडी पानात गुंडाळून वर चिखल थापून भाजतात, सेम आपली पोपटी. आणि पोपटीला नऊ मार्क देऊन मोकळी. मी म्हटलं, एक का कापला? तर धूर जास्त झालाय. आमच्या बापजाद्यांपासून चालत आलेल्या पोपटीला ही पास करणार! आम्ही काय परीक्षेला बसलो होतो? बाकीचे मात्र खूश झाले. जाळ कमी ठेवायला पाहिजे होता, असं विलासचा भाऊ खरंच गंभीरपणे म्हणाला. माझे डोळे कपाळात गेले.

आणि मग ते चिनी आले.

विलासच्या कारखान्यात चीनहून एक भलंमोठं मशीन आलं, आणि ते बसवायला दोन माणसं. एक तरुण, एक साठीचा म्हातारा. महिनाभर साजगावलाच कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये राहणार. कँटीनचं वरण-भात-उसळ त्यांना जाईना. मग तिथल्या कुणा साहेबानं हुशारी केली. चिनी माणसं आहेत ना, मग द्या चायनीज! चौकशी केली, माझं नाव निघालं, आणि कंपनीची जीप माझ्या गाडीपुढे येऊन उभी राहिली. काय सांगू, नाक्यावर माझी मान ताठ झाली. मी त्या दिवशी गाडीला हार घातला. दोन दिवस दोन वेळचे डबे पाठवले. मंच्युरियन, हक्का नूडल्स, शेजवान राइस, वर शेजवान चटणीची वेगळी वाटी. रंग असा लाल की डोळे दिपावेत. मला वाटलं, आता होऊन जाऊ दे. परीक्षक बाईंना खुद्द चीनमधून उत्तर मिळेल.

डबे जसेच्या तसे परत आले. तरुणानं म्हणे नूडल्समधला कांदा वेचून खाल्ला. म्हाताऱ्यानं मंच्युरियनचे दोन गोळे खाल्ले आणि त्याचं पोट असं बिघडलं की तो नुसत्या बिस्किटांवर आला. विलासनं हे ओट्यावर बसून सांगितलं, मला वाईट वाटू नये म्हणून अगदी हळू आवाजात. पूर्वा उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, आता ही म्हणणार, बघा, दोनच मार्क होते. पण ती तसं काही बोलली नाही. म्हणाली, "पोट बिघडलं की तिकडे पेज देतात. आपल्यासारखीच, मऊ. आई, पेज कर ना."

मी म्हटलं, हो का? म्हणजे एवढ्या लांबून माणूस साजगावला पेज प्यायला आला? तिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. दोघी मायलेकींनी कोलमच्या कण्यांची पेज केली. शिवाय हिनं स्वतः टोमॅटो घालून अंडी परतली, तिकडे म्हणे घरोघरी करतात. आणि डब्याबरोबर एक चिठ्ठी दिली, त्या कोळ्याच्या अक्षरात. चिठ्ठीत काय? तर, 'जेवण झाल्यावर दहापैकी मार्क द्या.' म्हातारा माणूस पोट धरून पडलाय आणि ही त्याच्याकडे मार्क मागतेय! मी कपाळावर हात मारला.

संध्याकाळी विलास डबा घेऊन आला. डबा रिकामा, धुतलेला, आणि आत घडी घातलेला कागद. सगळी चाळ ओट्याभोवती जमली. मीही हातात झारा घेऊन तसाच आलो होतो, गाडी उघडी टाकून. पूर्वानं कागद उलगडला. बोट ठेवून ठेवून वाचू लागली. दोन अक्षरं अडली ती मोबाइलवर शोधली, बाकीचं सगळं तिनं आपलं आपण वाचलं. मी बघत होतो. मग तिनं मराठीत सांगितलं: "पेजेला नऊ. अंड्याला सात, चिमूटभर साखर घालायची विसरलीस. अक्षर वाईट आहे, पण मला सगळं वाचता आलं. कुणी शिकवलं तुला?"

पोरगी नाचायला लागली. सात मिळाले म्हणून! मला दोन मिळाल्यावर मी जेवलो नव्हतो, आणि ही सातावर नाचतेय, तीन कापले गेले तरी. उलट त्या कापलेल्या तिनांचाच तिला जास्त आनंद झाला होता. सारखी म्हणत होती, खरे मार्क दिले त्यांनी, साखर पकडली. वैशालीवहिनींनी डोळ्याला पदर लावला. त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण लावला.

मशीन सुरू होईपर्यंत दोघांचे डबे वहिनींच्या स्वयंपाकघरातून गेले. माझ्या गाडीपुढे पुन्हा जीप थांबली नाही. हार सुकून गेला. नाक्यावरची पोरं विचारायची, काय दादा, चिन्यांना तुमचं चायनीज पचलं नाय का? मी हसण्यावारी न्यायचो. मी आजवर कुणाचं वाईट चिंतलं नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. पण त्या दिवसांत मी पूर्वाचं चिंतलं.

बारावीचा निकाल लागला. पोरीला चांगले मार्क पडले. पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म तिनं आणून ठेवला होता, हॉस्टेलची चौकशीही केली होती, फक्त बापाची सही बाकी होती. विलास तसा नाही म्हणणारा माणूस नव्हता. पण पोरगी एकटी पुण्याला जाणार आणि शिकणार काय तर चिनी, हे त्याच्या डोक्यात बसेना. तर त्यानं काय करावं? कॉलेजातल्या सरांना विचारावं, कंपनीतल्या साहेबाला विचारावं. ते त्यानं केलं नाही. साहेबाशी बोलायची त्याला भीड. तो आला माझ्याकडे.

दुपारची वेळ होती. मी गाडीमागे कोबी कापत होतो. तो समोर स्टुलावर बसला आणि फार आदरानं म्हणाला, "दादा, तुमचा जलम गेला चायनीजमधी. तुमच्याइतकं यातलं इथं कुणाला कळतं? तुमी सांगाल तसं करतो. यात पोरीचं काय भविष्य हाय का?"

हसू नका. आमच्याकडे असंच चालतं. घर बांधायचं तर विटांच्या ट्रकच्या ड्रायव्हरला विचारतात, आणि डोळ्याचं ऑपरेशन करायचं तर चष्मेवाल्याला. चिनी भाषेचं विचारायचं तर मंच्युरियनवाल्याला विचारलं, यात विलासचं काही चुकलं असं त्याला अजूनही वाटत नसेल. मी एवढंच म्हणायचं होतं की बाबा, मला यातलं ओ का ठो कळत नाही, ती चिठ्ठी घे आणि उद्या साहेबाला दाखव. मला हे तेव्हाच सुचलं होतं, अगदी याच शब्दांत. ती पोरगी बोट ठेवून चिठ्ठी वाचताना माझ्या डोळ्यांनी मी पाहिली होती. अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणाला ती वाचता आली नसती.

मी मान वर केली नाही. कोबी कापत राहिलो आणि म्हणालो, "खरं सांगू का विलास? यात काय नाय. वयाचं खूळ हाय. आज चिनी, उद्या आणखी काय. जे कधी चाखलं नाय त्याला मार्क देत बसणारी पोरगी ती, ती पुण्यात काय दिवे लावणार? कर्जतला बी.कॉम.ला घाल. पुढं साजगावला कुठंतरी चिकटव."

तो स्टुलावरून उठला. मग म्हणाला, बरं झालं दादा, तुमी मोकळेपणानं सांगितलंत. जाताना मी त्याला चायनीज भेळेचं पार्सल दिलं, घे म्हटलं, घरच्यांना. ते त्यानं घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गाडीवर आली. मी शेगडी पेटवत होतो. रडलेली वगैरे नव्हती. कानात बोंडं नव्हती, हे मात्र मला लगेच दिसलं.

"तुमी बाबांना सांगितलंत?"

म्हटलं, हो. तुझ्या भल्याचं सांगितलं.

ती माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या डोक्यावरच्या त्या मिशीवाल्या घोरपडीकडे. "काका, तुमाला काय माहीत हाय चिनी?"

मी म्हणालो, एवढी वर्षं विकतोय. ती वळली आणि निघून गेली. खरं सांगतो, त्या रात्री मी पोटभर जेवलो.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. कर्जतच्या कॉलेजात बी.कॉम. झालं. नळावरचं गाणं एका दिवसात थांबलं असं नाही. आधी बोट थांबलं, मग आवाज बारीक झाला, मग एकदा आमची ही म्हणाली की हल्ली सकाळी जाग येत नाही वेळेवर. तेव्हा कळलं की गाणं बंद आहे. कपाटावरचा फोटो निघाला, त्या जागी बँकेचं कॅलेंडर आलं. वहीचं काय झालं मी विचारलं नाही. रस्त्यात भेटली की 'काय काका, बरे ना?' म्हणायची, सगळे म्हणतात तसं. लोक म्हणायला लागले, विलासची पोरगी किती निवळली. पूर्वी काय एक एक खुळं होती! सगळ्यात जास्त मीच म्हणायचो.

आता साजगावला एका कंपनीच्या ऑफिसात आहे. दिवसभर कम्प्युटरवर माल आला-माल गेला भरायचं. कंपनीची बस संध्याकाळी नाक्यावर, माझ्या गाडीसमोरच सोडते. रोज उतरते आणि सरळ घरी जाते. गेल्या महिन्यात मात्र बरोबर दोन मैत्रिणी होत्या, त्यांना भूक लागलेली. तिघी माझ्या बाकड्यावर येऊन बसल्या.

"काका, तीन ट्रिपल," ती म्हणाली.

सोळाव्या वाढदिवसानंतर माझ्या हातचं ती पहिल्यांदाच खाणार होती.  मी कढई घासून घेतली. आयता लसूण होता तो टाकला नाही, नवा सोलला. रंग निम्मा घातला. भात नीट मोकळा केला. प्लेट दोनदा धुतली आणि फडक्यानं पुसली. एकोणीस वर्षांत मी कुणासाठी असा भात केला नसेल.

प्लेटा ठेवल्या आणि मी कढईआडून बघत राहिलो. पहिला घास तिनं बोलता बोलता खाल्ला. दुसरा मोबाइलकडे बघत. मग तिसरा. तिच्या तोंडाकडे मी डोळे फाडून बघत होतो. काही नाही. आवडलं नाही असं नाही, आवडलं असंही नाही. नळाखाली हंडा भरावा तशी ती पोट भरत होती.

मला राहवलं नाही. बाहेर येऊन म्हटलं, काय गं परीक्षक बाई, सांग की, दहापैकी किती?

मैत्रीण विचारायला लागली, हे काय आहे? पूर्वा हसली. म्हातारा माणूस जुना विनोद करतो तेव्हा घरचे हसतात, तसं. मैत्रिणीला म्हणाली, अगं, लहानपणीचं काहीतरी. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "छान आहे काका. दहा घ्या." आणि लगेच, "थोडी लाल चटणी द्या ना."

पूर्वी 'हाय' म्हणायची. आता 'आहे' म्हणते, ऑफिसातल्यासारखं. मी चटणी दिली. तिनं ती भातावर ओतली, कालवली, संपवली, हात धुतले, आणि तिघी हसत हसत गेल्या.

त्या गेल्यावर गिऱ्हाईक नव्हतं. कढईत चमचाभर भात उरला होता. मी गाडीमागे बसून तो खाल्ला. पहिला घास, दुसरा घास, तिसरा. दोन होते. एक भात मोकळा होता म्हणून, आणि एक प्लेट स्वच्छ धुतली होती म्हणून.